बिनसाखरेची साडेसहा वर्षे

"शुगर लिहा," दुर्गाबाई स्वयंपाकघराच्या दारातून दुसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा माझ्या हातातले पेन पडले. ते पडले हे मला आवाजावरून कळले. शेजारी बसलेल्या माझ्या मित्राने, वलीने, उचलून दिले आणि मी वाक्य पुढे चालू ठेवले, ते असे:

मी, गोपाल नत्थुजी टाले, वय ६४, धंदा पूर्वी कापसाचा ग्रेडर, आता काही नाही, राहणार साईनगर, अमरावती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि कोणत्याही नशेच्या अमलाखाली नसताना स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यातली शेवटची अट मी ११ मार्च २०२२ पासून रोज पाळत आहे. त्याआधी एकतीस वर्षे पाळली नव्हती.

दुर्गाबाई माझी पत्नी. वरच्या दोन वाक्यांना तिची हरकत आहे.

मजकुराचा नमुना शेजारी संघपाल तायडे यांनी दिला. ते भातकुलीहून निवृत्त झालेले तलाठी. नमुन्यात "शरीराने व मनाने सुदृढ" असे होते. त्यातले शरीर मी खोडले. पायांना घोट्यापर्यंत आणि हातांना मनगटापर्यंत काही समजत नाही. बाकी सुदृढ आहे. घरातले बोलणे मृत्युपत्रात लिहीत नसतात असे संघपाल म्हणतात. हा कच्चा मसुदा आहे असे मी त्यांना सांगितले आहे. हा कच्चा मसुदा नाही.

कलम १. आजार. मार्च २०२२ मध्ये डॉक्टरांनी विचारले, "चालताना कापसावर चालल्यासारखं वाटतं का?" मी विचारले, "कोणत्या ग्रेडच्या?" ते हसले नाहीत. मीही विनोद केला नव्हता. त्यांनी लोखंडी चिमट्यासारखे काहीतरी वाजवून माझ्या घोट्यावर टेकवले आणि थरथर कळते का विचारले. मला ते फक्त ऐकू येत होते.

नसांचा आजार निघाला. रक्तातली साखर नॉर्मल. कारण बहुधा दारू, पण खात्रीने सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. गेलेल्या नसा परत येतीलच असे नाही. पिणे थांबवले तर पुढचे कदाचित थांबेल. या "बहुधा" आणि "कदाचित"वर मी त्याच दिवशी दारू सोडली. दुर्गाबाईने त्याच "बहुधा"वर शुगर चालू ठेवली.

कलम २. शुगर. मला शुगर १९ मे २०१९ रोजी दुपारी सव्वाबारा वाजता झाली. ठिकाण अकोला, जठारपेठ, आमच्या विहीणबाई पार्बताबाई यांचे घर. तेव्हा त्या विहीण व्हायच्या होत्या. आमची मुलगी आकांक्षा हिच्या लग्नाची बैठक होती. चपला बाहेर काढल्या, आत आलो, सगळ्यांना रामराम केला आणि सोफ्यापर्यंत गेलो. सगळे फरशीकडे पाहत होते, म्हणून मीही पाहिले. पांढऱ्या फरशीवर दारापासून माझ्यापर्यंत लाल पावले होती. फक्त उजवी. अंगणात कुठेतरी काच होती.

"अवो बाप्पा!" पार्बताबाई म्हणाल्या. "एवढी काच घुसली, तुमाले समजलं नाई का?"

मी तोंड उघडण्याआधी दुर्गाबाई म्हणाली, "शुगर हाये त्याहीले."

पार्बताबाईंनी स्वतः खाली बसून हळद भरली, फडके बांधले. मग माझ्यासमोरची पेढ्यांची बशी उचलली. "मंग हे तुमाले चालनार नाई, भाऊ." माझ्या रक्तात त्या वेळी आदल्या दिवशीची दारू होती. पण बैठक मोडली नाही. लग्न झाले. आकांक्षा सुखात आहे. हे सर्व दुर्गाबाईच्या त्या तीन शब्दांमुळे, हे मी येथे नमूद करतो.

तेव्हापासून घरात माझा चहा बिनसाखरेचा. जावईबापूंनी दिवाळीला शुगर तपासायचे यंत्र दिले. दर वेळी आकडा नॉर्मल येतो आणि दुर्गाबाई अकोल्याला फोनवर "कंट्रोलमंदी हाये" असे कळवते. पार्बताबाई नातेवाइकांना माझे उदाहरण देतात. व्याहीबुवांनी गोडावर किती ताबा ठेवला, पाहा. गेल्या वर्षी त्यांच्याकडच्या एका बारशात मला यासाठी उभे करून टाळ्या वाजवल्या गेल्या. जे मला कधी झाले नाही, त्याच्या पथ्याबद्दल माझे कौतुक झाले. दारू सोडली ते मात्र कोणाला सांगता आले नाही, कारण अधिकृतपणे मी पीत नव्हतो.

बाहेर टपरीवर साखरेचा चहा मला पिता आला असता. मी प्यालो नाही. एकतीस वर्षे तिने माझे झाकले होते, म्हणून मी तिचे झाकले. यात फार मोठेपणा नाही. अमरावतीच्या प्रत्येक टपरीवर तिच्या माहेरचे कोणीतरी बसलेले असते.

साखर नॉर्मल असल्याचा प्रयोगशाळेचा मूळ रिपोर्ट तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवलेला आहे. तो काढून या मृत्युपत्राला जोडावा. घराचे कागद आमच्याकडे टेबलावर पडून असतात. लपवलेला कागद एवढा एकच.

कलम ३. शेख वली शेख करीम, माझा मित्र, अंजनगाव सुर्जीच्या जिनिंग कारखान्यात मी ग्रेडर असताना तिथला फिटर. त्याने जन्मात दारूला हात लावलेला नाही. मला स्कूटरवर मागे बांधून घरी आणले. किती वेळा, ते त्याला माहीत असेल. वलीला खरी शुगर आहे, वीस वर्षांपासून, आणि पाय माझ्यासारखेच. तो डुलत चालतो. वरचे कलम मी वाचून दाखवले तेव्हा तो म्हणाला, "तुही दारू माह्या नावावर चढली यार, अन् माही शुगर तुह्या नावावर. मोहल्ले में पोट्टे पूछते, चाचा, आज जादा हो गई क्या?"

"फेरफार चुकला म्हना," संघपाल म्हणाले.

"मंग करा ना दुरुस्ती, तलाठीसाहेब. तुमी काहून बसले इथं?"

स्वयंपाकघरात भांडे आपटल्याचा आवाज आला.

वलीला माझे मऊ तळव्याचे बूट द्यावेत. दोघांचे माप आठ. तळपाय पाहण्याचा हातआरसा द्यावा, आणि तो त्याने रोज वापरावा. जखम पायाला दिसत नाही, आरशाला दिसते. शुगर तपासायचे यंत्रही त्यालाच द्यावे. निदान यंत्राला तरी काम मिळेल.

कलम ४. हत्यारे. भिंग, पोलादी पट्टी आणि काळी मखमल लावलेली पाटी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या अंगठ्यात आणि बोटात धरून ओढतात, अर्धी टाकतात, पुन्हा ओढतात. धागे सरळ झाले की मखमलीवर ठेवून लांबी पाहतात. चांगल्या ग्रेडरला मखमल लागत नाही. बोटालाच समजते. मला चोवीस वर्षे समजत होते.

शेवटचे दोन हंगाम समजत नव्हते. मी ओढल्यासारखे केले, सरकी दाताखाली फोडून ओल आवाजावरून ओळखली, बाकीचे डोळ्याने सांगितले. एकही तक्रार आली नाही. ना शेतकऱ्याची, ना व्यापाऱ्याची, ना मालकाची. या गोष्टीचा मला अजून राग आहे. कोणावर, ते ठरवता आलेले नाही, म्हणून तो कोणाच्या नावे करत नाही. तिसऱ्या हंगामाला मी गेलो नाही.

पाटी आकांक्षाला द्यावी. लहान असताना ती त्या मखमलीवर गाल घासत बसायची. कशी लागते, हे तिला आठवत असेल. भिंग आणि पट्टी ज्याला लागेल त्याने घ्यावी.

कलम ५. साईनगरातील घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचे लिंबाचे झाड, पत्नी दुर्गाबाई हिला. बँकेतली ठेव तिला व आकांक्षाला सारखी. या कलमाला मी एक अट जोडत होतो: माझ्यामागे कोणालाही "शुगरनं गेले" असे सांगू नये. संघपाल म्हणाले, अशी अट टिकत नाही. मी ती खोडली. पण तोपर्यंत मी ती मोठ्याने वाचली होती, आणि दुर्गाबाई बाहेर आली.

तिच्या हाताला पीठ होते. ती वली आणि संघपाल यांच्यासमोर असे कधी बोलत नाही.

"तुमाले मरून मोकयं व्हाचं हाये," ती म्हणाली. "मले याच गल्लीत राहाचं हाये. जठारपेठेत जाचं हाये. एकतीस वर्सं झाकलं मी. अन् तुमी एका कागदात सारं उघडं करून राहिले?"

"झाकलं," मी म्हणालो. "म्हनूनच सोडली तेही कोनाले दिसलं नाई."

"मले दिसलं ना."

"तू तर कधी बोलली नाई."

"काय बोलू? भंगारवाला दारात उभा राहे. इचारे, बाई, रिकाम्या शिशा नाई का? मी म्हनो, नाई. दुसऱ्या महिन्यात इचारलं, तिसऱ्या महिन्यात इचारलं. मंग त्यानं दारात थांबनंच सोडलं. तवा समजलं मले." तिने देव्हाऱ्याकडे मान वळवली. "मी त्या दिवशी देवापुढं साखर ठेवली. तुमाले देल्ली नाई, कारन तुमाले शुगर हाये."

वली हसला. मग त्याने खिडकीकडे तोंड केले.

तेव्हा मी संघपालांना एक शंका विचारली, आणि त्यांनी दोनदा विचार करून उत्तर दिले: हे मृत्युपत्र नसले तरी घर आणि ठेव दुर्गाबाई आणि आकांक्षा यांनाच जाईल. आकांक्षा आईकडून घराचा हिस्सा मागणार नाही, हे आम्हाला सर्वांना माहीत आहे. म्हणजे या कागदाची गरज कोणालाच नाही. फक्त पहिल्या परिच्छेदातल्या दोन वाक्यांची मला आहे.

ती वाक्ये मी खोडत नाही. मात्र मूळ कागद दुर्गाबाईच्या ताब्यात राहील. तो कोणाला दाखवायचा, दाखवायचा की नाही, तिने ठरवावे. फाडायचा असेल तर फाडावा. मी ते लिहिले आणि तिने ते ऐकले, एवढे आज झालेले आहे. ते फाडता येत नाही.

कलम ६. तेरवी. माझ्या फोटोपुढच्या ताटात "शुगर होती ना" म्हणून गोड कमी वाढू नये. पार्बताबाई यांना एक किलो पेढे पोचते करावेत, आणि माझ्यातर्फे सांगावे की त्यांनी हळद भरली ती चांगली भरली. ती झोंबल्याचे मला कळले नव्हते, पण ते त्यांना माहीत नव्हते. बशी उचलल्याबद्दल मनात काही ठेवलेले नाही. हे खोटे आहे, तरी असेच सांगावे.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. माझी सही आता माझ्या जुन्या सहीसारखी येत नाही, बँकेने ती दोनदा परत केली आहे, म्हणून संघपालांच्या सांगण्यावरून सहीशेजारी डाव्या हाताचा अंगठाही उठवला आहे. शाई लागल्याचे मला दिसले.

गोपाल नत्थुजी टाले (सही) (डावा अंगठा)

गोपाल टाले यांनी आमच्यासमोर सही व अंगठा केला, त्या वेळी ते शुद्धीवर होते, आणि आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर सह्या केल्या.

१. शेख वली शेख करीम, अमरावती (सही). "प्यालेले नव्हते" असेही लिहा, असा माझा आग्रह आहे. शे. व.

२. संघपाल तायडे, साईनगर, अमरावती (सही)

दुर्गाबाई हिला घर मिळत असल्याने ती साक्षीदार होऊ शकत नाही. ती सह्या होईपर्यंत पिठाच्या हातांनी तिथेच उभी होती.

अमरावती, रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

पुरवणी. सोमवार, १० नोव्हेंबर. सकाळी साडेसहाला दुर्गाबाईने चहा आणून ठेवला. कप गरम आहे की नाही ते मला हाताला कळत नाही, म्हणून आधी ओठ लावून पाहिला. चहात साखर होती. दोन चमचे तरी असावी. ती समोर बसून स्वतःचा चहा प्यायली. कागद टेबलावर होता तिथेच आहे. या नोंदीला साक्षीदार नाहीत.