हार्नेस दिसला की उठणारी पिहला

३ नोव्हेंबर
पिहला पायरीवरून घसरली. मागचे दोन्ही पाय! आठ हिवाळे बर्फगाडीच्या सगळ्यात पुढे धावलेली ही. बाकीची कुत्री काही विकली, काही गेली. माझी बायको हेलमी गेल्यापासून घरात ती आणि मी. हिला काही झालं तर — नको, लिहीत नाही.

५ नोव्हेंबर
डॉ. सोल्बर्गकडे नेली. सांधे झिजलेत. सूज उतरवणारी गोळी — रोज, खाण्यासोबत. यकृताला बाधू शकते म्हणून अधूनमधून रक्त तपासायचं. "आणि स्वतःच्या मनाने बंद करायची नाही हं, काका!" पोर माझ्या निम्म्या वयाची, पण दरडावते झकास.

१२ नोव्हेंबर
गोळी लागू पडतेय. पण ते यकृताचं काही डोक्यातून जात नाही.

१३ नोव्हेंबर
पलीकडची लेम्पी आली. गोळ्यांची डबी बघून कपाळावर हात मारला. "अरे रेनो, विष चारतोस की काय तिला? हळद दे, हळद! खोबरेलात शिजव, वर मिरपूड. माझा बस्टर हळदीवर सोळा वर्षं जगला." बस्टर ट्रकखाली गेला, हे ती सांगत नाही.
तरी शिजवली. ओटा पिवळा, माझी नखं पिवळी, पिहलाच्या मिशासुद्धा! गोळी बंद केली.
लेम्पी अर्धा तास बसली. गेल्यावर घर फारच गप्प वाटलं.

२० नोव्हेंबर
कुत्रं धड आहे का, याची आम्हा बर्फगाडीवाल्यांची परीक्षा एकच — खुंटीवरून हार्नेस, म्हणजे गाडीला जुंपायचा पट्टा, काढायचा आणि ते उठतं का बघायचं. काढला. पिहला ताडकन उठली, गोल फिरली, भुंकून घर डोक्यावर घेतलं! डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. म्हणून इथे लिहितोय.

२६ नोव्हेंबर
माझा ट्रक रस्त्याकडेच्या चरात अडकला. चालत घरी आलो, त्यामुळे तिला चाहूल लागली नाही. खिडकीतून सहज आत पाहिलं.
पाणी प्यायचं होतं तिला. तीनदा उठायला गेली, तीनदा मागचे पाय फाकले. चौथ्यांदा उठलीच नाही. भांड्याकडे बघत कण्हत राहिली.
मी दार उघडलं. झटक्यात उभी! शेपटी हलवत!
मूर्ख मी. पुढची कुत्री गाडीवानाला दुखणं दाखवत नाही, हे मीच नवख्यांना शिकवत आलो. हार्नेसला विचारलं आणि हार्नेसचं ऐकलं.

२७ नोव्हेंबर
डॉ. सोल्बर्गने खूप झापलं. "हार्नेस बघून तर ती मोडक्या पायावरही नाचेल. तुम्ही समोर नसताना कशी चालते, ते बघा." रक्त तपासलं, यकृत ठीक आहे. हळदीवर निभणार नाही म्हणाली. गोळी पुन्हा सुरू, सोबत माशाचं तेल. पायरीवर उतरती फळी ठोकली, जमिनीवर गालिचे टाकले.
लेम्पीला सांगितलं. ती रुसली. आता तीही यायची नाही.

९ डिसेंबर
पिहला सकाळी तळ्यापर्यंत चालली. दुपारी मी लाकडं घेऊन आत आलो, तर उठली नाही. पडल्या पडल्या शेपटी आपटली, बस्स. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्यासमोर दुखणं लपवलं नाही तिने.
मी तिच्याशेजारी खाली बसलो. म्हणालो, "माझेही गुडघे फार दुखतात गं." हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.