दहावी ओळ

मंगळवार, ४ मार्च

प्रिय दादास,

नमस्कार. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, ती कुरकुरत नाही. मी रंगकामाला लागलोय. घरातून निघताना विजेची बटणं तीनदा तपासतो, म्हणून रोज उशीर होतो आणि रोज बोलणी बसतात.

सहा वर्षांनी पत्र, आणि त्यात रंगकाम, असं म्हणशील. जरा थांब.

जुन्या कोर्टाचं आता विद्यापीठ होतंय. न्यायाधीशांच्या दालनात वाचनालय, वकिलांच्या खोलीत संगणक. आणि तळघरात आरोपींना बसवायचे ना, त्या कोठडीत प्राध्यापकांची व्याख्यानं रेकॉर्ड करणार. भिंती जाड, बाहेरचा आवाज येत नाही. आयतीच सोय. ती कोठडी खरवडायला मला दिली.

काल चुन्याचा तिसरा थर निघाला आणि खाली अक्षरं दिसली, खिळ्याने कोरलेली. मी खरवडायची पट्टी बाजूला ठेवून वाचू लागलो. मुकादम ओरडला, "अरे, भिंतीकडून पदवी घ्यायची आहे का? खरवड!"

इस्त्री मि चालु ठेवली.

एकाखाली एक, नऊ वेळा. मि ऱ्हस्व, चालु ऱ्हस्व. गिऱ्हाइकांची मापं लिहायची तुझी वही मी लाल पेन्सिलीने तपासायचो, तेव्हा तू म्हणायचास, "मास्तर, ऱ्हस्व-दीर्घाने पोट भरतं का रे?" तुझं अक्षर मला चुकांवरून कळतं.

दादा, अकरा वर्षं मी समजत होतो की इस्त्री आपल्याकडूनच चालू राहिली असं तुला खरंच वाटलं. तू कबूल केलंस, शिक्षा भोगलीस, गाव सोडलंस. पण खरं सांगणाऱ्याला पाठांतर लागत नाही. नऊ वेळा कशाला लिहिलंस? वर न्यायाधीशांसमोर गेल्यावर अडखळू नये म्हणून?

म्हणजे तुला माहीत होतं.

त्या दुपारी मी तुझा डबा घेऊन शिंपीकाकांच्या दुकानात आलो. तू कपडे पोचवायला गेलास, इस्त्री बंद करून गेलास. मी ती पुन्हा लावली आणि शाळेचा सदरा फिरवला. मुलांनी खेळायला हाक मारली तसा पळालो. दुकान पेटलं तेव्हा माळ्यावर शिंपीकाका झोपले होते. ते खाली आलेच नाहीत. पोलिसांनी विचारलं, "तू होतास का तिथे?" मी म्हणालो, "नाही."

भिंतीवर सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात, आणखी एक वाक्य आहे. मास्तर लहान आहे. त्यात एकही चूक नाही. मी तीनदा तपासलं.

उद्या दहा वाजता त्या भिंतीवर आवाज शोषणारे तक्ते बसतील. इंजिनिअर मॅडमना म्हणालो, भिंत आजचा दिवस राहू द्या.

"का रे, काय राहिलंय?"

"चूक राहिली आहे. दुरुस्त करायची आहे."

त्या हसल्या. "बरं, उद्या दहापर्यंत भिंत तुझी."

सर्वांत बारीक ब्रशने, काळ्या रंगात, तुझ्या नऊ ओळींखाली दहावी लिहिली.

इस्त्री मी चालू ठेवली.

वाक्य तुझंच. दोन अक्षरं तेवढी दीर्घ केली.

पण भिंत झाकली जाईल, म्हणून तेच इथेही लिहिलं. आई अजून म्हणते, "थोरल्याने तेवढं एक बटण बंद केलं असतं तर..." मी खाली मान घालून जेवतो. आज हे पत्र आधी तिला वाचून दाखवणार, मग पेटीत टाकणार. तिथून चौकीत. तू ये किंवा येऊ नकोस, पण आता माझ्यासाठी आणखी काही लिहू नकोस.

आता लहान नसलेला,
तुझा मास्तर