जुन्या डब्यात नवा प्रोसेसर

प्रिय रुचिता,

पोरी, आधी एक बातमी. तुझा कॉम्प्युटर जिवंत आहे. भंगारात गेला नाही, मी जाऊच दिला नाही. हे वाचून तुझा जीव भांड्यात पडला असेल तर पाणी पी आणि पुढचं सावकाश वाच, कारण माझं लिहिणं लांबणार आहे. हातात फोन असताना सासू कागद घेऊन का बसली, असं वाटेल तुला. त्याला कारण आहे, ते शेवटी सांगते.

तू आगरदांड्याला माहेरी गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, मी आणि तुझा नवरा. प्रणय जेवतो, डंपरवर जातो, येतो, खाटेवर फोन बघत पडतो. त्याची अट तुला माहीत आहे: बॅनर बनवायचं सोड, मग घरी ये. आता वर त्याला उदारपणा सुचलाय. म्हणतो, त्या जुन्या डब्याचं काय घेऊन बसलात, मी नवाकोरा कॉम्प्युटर आणतो, माझ्या गाड्यांच्या ऑफिसात ठेवतो, तिला एवढी हौस असेल तर तिथं बसून बिलं बनवू दे. ऐकलंस? ऑफिस त्याचं, बिलं त्याची, कॉम्प्युटर त्याचा, आणि हौस म्हणे तुझी! मी म्हटलं, वा रे माझ्या दानशूरा. रुसून जेवला नाही त्या दिवशी. म्हटलं, नको जेवूस. त्याच्या वाटणीची माशाची तुकडी मांजरीला घातली.

ज्या बॅनरवरून हे सगळं झालं त्याबद्दल तुझ्याशी बोलायचंच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तू निघून गेलीस. तर आता बोलते. मला तो बॅनर आवडला होता. फार आवडला होता. आपल्या नाक्यावर कोणाचे बॅनर लागतात ते तूच बनवतेस, तुला काय सांगू? गॉगलवाले, गळ्यात साखळीवाले. ज्यांचं नाक पुसून मी अंगणवाडीत खिचडी भरवली, ते सगळे आता भावी काहीतरी आहेत. त्यांच्या मधोमध तू माझा फोटो लावलास, भोवती गुलाब, खाली कमळबाईंना साठाव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. मी दूध आणायच्या निमित्तानं जाऊन बघून आले होते, हे तुला ठाऊक नाही. समोरच्या स्टॉपवर बसून बघत राहिले. एवढी मोठी मी मला कधी दिसलेच नव्हते गो. लग्नाच्या फोटोतसुद्धा माझी मान खाली आहे.

पण आपल्या लोकांची नजर! नाक्यावर पुरुषाचा फोटो दिसला की वाढदिवस. बाईचा दिसला, त्यातून रिकाम्या कपाळाच्या म्हातारीचा, की श्रद्धांजली. खालची अक्षरं वाचतो कोण? शेजारची शकू गल्लीच्या तोंडापासून ऊर बडवत आली, गो माझे कमळ, मला न सांगता गेलीस गो. आणि मी ओट्यावर बोंबील साफ करत बसलेली. मला बघून बया आणखीच किंचाळली. एसटीतून जाणाऱ्यांनी पेणपर्यंत बातमी पोचवली. बुधाजीभावजींनी तर तिरडीचे बांबू सांगून ठेवले, आणि मी जिवंत आहे म्हटल्यावर बांबूवाल्याला आता काय तोंड दाखवू म्हणून माझ्यावरच डाफरले. सख्खा दीर माझा! हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. तूही ओढणीनं डोळे पुसत होतीस.

मग प्रणय आला. त्याला खदाणीवर कोणीतरी फोन करून विचारलं होतं, आई गेली ना रे, कधी नेणार? तो गाडी तशीच टाकून आला. नाक्यावर त्याचे दोस्त उभे होते. त्यांनी खरं काय ते सांगितलं आणि हसले. आई आहे म्हणून आनंद व्हायचा, तर तो त्या हसण्यानं बिथरला. बॅनर फाडला. घरात येऊन तुला म्हणाला, विधवा बाईला नाक्यावर टांगतात काय? माझ्यासमोर, माझ्याबद्दल! आणि टेबलाखालची वायर अशी खेचली की डबा धाडकन खाली. मी तेव्हाही ओरडले होते आणि आजही ओरडते: फोटो माझा, वाढदिवस माझा, तुझ्या बापाचं काय गेलं? त्याचा बाप म्हणजे माझाच नवरा, हे मागाहून लक्षात आलं. पण बोलले ते बरोबरच बोलले.

त्यानंतर मी गावात ज्याला त्याला एकच विचारत सुटले. बाईनं नाक्यावर यायचं तर मरूनच यायचं काय? भावजी म्हणाले, तसं न्हाय वहिनी, पन रीत हाय. म्हटलं, असू दे रीत, मीपन हाय अजून. तेव्हापासून मला बघितलं की ते गल्ली बदलतात.

आता तुझ्या डब्याचं. तू गेल्यावर प्रणयनं भंगारवाल्याला दारात बोलावलं. मी काय करावं? मी डब्यावर बसले. खरंच बसले गो, मांडी घालून. भंगारवाल्याला म्हटलं, नेतोस तर दोघांनाही उचल. तो बिचारा नुसते जुने पेपर घेऊन गेला. मग मी डबा अलिबागच्या एका दुकानात नेला. तिथल्या माणसानं झाकणही न उघडता सांगितलं, मावशी, याचं वय झालं, यात काही घालण्यात अर्थ नाही, नवा घ्या. माझं डोकं फिरलं. बाहेरून बघून वय सांगायला दुकान कशाला टाकावं लागतं? ते तर आमची शकूही सांगेल. डबा उचलला आणि पायरी उतरले.

घरी येऊन गोधडीत बांधला, भरती बघून रेवसची सकाळची लाँच धरली आणि मांडीवर घेऊन थेट भाऊचा धक्का. लाँचीत शेजारी बसलेली बाई विचारते, देव नेताय काय विसर्जनाला? म्हटलं, नाही बाई, सुनेचं दुकान आहे. तिनं लगेच सरकून जागा दिली. धक्क्यावरून टॅक्सीनं लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटरच्या बाजारात गेले आणि विचारत विचारत ओंकार नावाच्या एका कारागिरापुढे डबा ठेवला. त्यानं आधी झाकण उघडलं, तिथंच मला माणूस पटला. आत पंख्यावर धुळीची गादी आणि कोपऱ्यात पालीची अंडी! पडल्यामुळे पुढचं प्लास्टिक फुटलंय आणि एक वायर सुटलीय, म्हणाला, बाकी धक्का लागलेला नाही. तुझी डिस्क शाबूत होती. मी तिथंच हात जोडले.

पण नुसती वायर जोडून आणायची नव्हती मला. म्हटलं, हा फार हळू चालतो, माझी सून मोठ्या बॅनरची फाइल उघडायला घ्यायची तोवर माझा भात शिजायचा. तेव्हा त्यानं समजावलं. प्रोसेसर म्हणजे डब्याचा मेंदू, आणि तुझा त्या काळातला सगळ्यात साधा. ज्या बोर्डावर तो बसतो त्यावर त्याच पिढीतला दांडगा प्रोसेसर बसतो, आजचा नवा बसत नाही. आजचा हवा तर बोर्ड बदला, रॅम बदला, म्हणजे नवाच कॉम्प्युटर घ्या. त्यानं काही लपवलं नाही हो. म्हणाला, नवा जास्त पळेल, गॅरंटीही मिळेल. यात घालायचा प्रोसेसर वापरलेलाच मिळणार, तो काही वर्षं छान चालेल, पण त्याच्यापुढे या बोर्डावर काही चढणार नाही. मी विचारलं, नव्यावर तिची मराठी अक्षरं चालतील? तर म्हणाला, हे टायपिंगचं सॉफ्टवेअर फार जुनं आहे, नव्यावर चालेलच असं सांगू शकत नाही, जुन्या फाइलींत अक्षरांची खिचडी होऊ शकते. मग मी ठरवलं. प्रोसेसर बदल, त्याला म्हटलं. आणि तुमच्या दुकानांत ती पळणारी नवी डिस्क मिळते ना, तीही घाल.

तुझी वस्तू, तुला विचारायला हवं होतं. पण तेव्हा तुझा फोन बंद होता, आणि आज ना उद्या भंगारवाला पुन्हा दारात. आणि खरं सांगू? नव्याला माझा विरोध नाही. नवा तू घेशीलच. तुझ्या कमाईतून, तुझ्या नावाच्या बिलावर, तुझ्या मनात येईल तेव्हा. पण जुना मोडला म्हणून नाइलाजानं कोणाच्या तरी ऑफिसात, कोणाच्या तरी मेहेरबानीच्या नव्यासमोर जाऊन बसायचं, हे मला मान्य नाही. तुला असेल तर तसं सांग, पण मला वाटत नाही असेल.

ओंकारनं मला स्टूल दिलं आणि सगळं माझ्यासमोर केलं. जुना प्रोसेसर काढला, केवढासा, बिस्किटाएवढा! नवा बसवून त्यावर पांढरा लेप लावला, आपण विड्याच्या पानाला चुना लावतो तसा. सुरू केला आणि तुझ्या सगळ्या फाइली समोर: पत्रिका, हळदीचे बॅनर, बचतगटाच्या लोणच्याच्या बाटलीवरचा कागद. सगळ्यात मोठी फाइल उघड म्हटलं. तांदळातला एक खडा काढेपर्यंत उघडली! मला एवढा आनंद झाला की त्या ओंकारच्या पाठीत धपाटा घातला मी.

आता तो पडवीत आहे. मागच्या खोलीत नाही, पडवीत, रस्त्याकडे तोंड करून. वायरमनकडून तिथं बटण करून घेतलं. प्रणय म्हणाला, परके लोक येतील-जातील, बरं दिसतं का? म्हटलं, घर माझ्या नावावर आहे, बरं दिसतं की वाईट ते मी बघीन. परवा मी विहिरीवरून आले तर महाशय गुपचूप तो सुरू करून बघत होते. मी खोकले, तर म्हणाला, पंखा फिरतो का ते बघत होतो. वाईट नाही गो तो. माझ्या मरणाची बातमी ऐकून अनवाणी धावत आला होता, मी त्याचे पाय बघितले होते. पण तो चार पोरांच्या हसण्याला घाबरतो, आणि ज्याला घाबरतो त्याचंच ऐकतो. तेव्हा आता त्यानं मला घाबरावं, अशी व्यवस्था मी करते आहे.

म्हणून हे पत्र. येत्या रविवारी बुधाजीभावजी गावातल्या चार जाणत्यांना आणि प्रणयला घेऊन आगरदांड्याला तुझ्या आईबापांकडे येणार आहेत. मला कोणी बोलावलेलं नाही, पण बोलायचं काय ते त्यांनी आमच्याच ओट्यावर ठरवलं आणि मी आतून ऐकलं. आईची तब्येत बरी नाही, आई रडते, काम सोडून सुनेनं यावं अशी आईचीच इच्छा आहे, असं सांगणार आहेत. फोनवर मी काही बोलले असते तर म्हणाले असते, म्हातारीला सुनेनं पढवलं. माझं अक्षर मात्र प्रणय ओळखतो. तेव्हा ते माझं नाव घेऊन बोलायला लागले की त्यांना थांबव, उभी राहा आणि हे सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच. माझी तब्येत ठणठणीत आहे. मी रडत नाही. आणि माझी इच्छा मी स्वतः लिहिते आहे: काम घेऊन येणार असशील तर हे घर तुझं आहे, आज ये. काम सोडून येणार असशील तर येऊ नकोस, रुचिता. मी दार उघडणार नाही.

कोणी न पढवलेली, तुझीच सासू,
कमळ नामा म्हात्रे