सनाचं घर आणि माझी पायवाट

आष्टा, रवि. २ नोव्हें.
सुट्टीचा शेवटचा दिवस. रेवा मला तिच्या ठोकळ्यांच्या गेममध्ये शाळा बांधायला शिकवते आहे. माझी कोयनानगरची शाळा, टेकडीवरची, भूकंपात पडली ती. नात मास्तर, मी विद्यार्थी. लाकडी कुऱ्हाडीने एका टोकाला टिचकी मारायची, मग दुसऱ्या टोकाला, आणि काय भरायचं ते लिहायचं. दगड म्हटलं की दगड. जन्म जमिनीच्या मोजणीत गेला, खुंट ठोकण्यात, म्हणून हात बसला लवकर.
"आवं आजोबा, लय फास्ट शिकलात की."
चुकलं तर मागे घ्यायची सोय आहे म्हणे. "पर लगेच हां. बंद केलात की गेलं."
गेममधल्या या शाळेच्या उतारावरच सनाचं घर. सना पलीकडच्या गल्लीतली, रेवाची जिवाची मैत्रीण. वडिलांच्या नोकरीपायी सगळे लोणंदला गेले, तेव्हापासून दोघींची गाठ रविवारी या गेममध्येच. घर दोघींनी कुऱ्हाड न लावता, एकेक ठोकळा हाताने ठेवून उभं केलंय. दारावर सनाने लिहिलेली पाटी: 'आजोबांना परवानगी. चप्पल काढून.'
आज त्या दोघींचं वाजलं. पडदे निळे की पिवळे, यावरून.

मंगळ. ४
हात लिहायला धजत नाही. तरी लिहितो.
दुपारी रेवा शाळेत. गेममधल्या माझ्या शाळेला पायवाट हवी असं मनात आलं. ओढ्यापासून वर, तिरकी, करवंदीच्या जाळीला वळसा घालून जायची तशी. चौथीच्या पुस्तकातली एक कविता गुणगुणत होतो, शब्द अर्धे गेलेत, चाल शाबूत. एक खुंट ओढ्यापाशी. दुसरा पायरीपाशी. दोन खुंटांत रेघ, हीच माझी आयुष्यभराची समजूत. 'दगड' लिहिलं.
गेमला रेघ कळत नाही. दोन टोकं दिली की मधला सगळा ठोकळाच भरतो, लांबी-रुंदी-उंचीसकट. अख्खा उतार दगडाची पेटी झाला. सनाचं घर आत.
घाबरलो. दगड घालवायला 'हवा' लिहिलं. दगड गेला. घरही गेलं. खड्डा.
मागे घ्यायचं सुचलंच नाही. मास्तरांची चाहूल लागली की पुस्तक मिटायचो, तसा लॅपटॉप मिटला.

बुध. ५
रेवाने पाहिलं. आरडाओरडा नाही. बसून राहिली.
"सनानंच पाडलं. रविवारी भांडली म्हणून."
सूनबाई पोळ्या लाटत होती. "अगं, विचार तरी तिला. मामापण बसतात की त्यावर."
"आजोबा? ते तर चप्पल काढून जात्यात तिथं."
सनाचं नाव गेममधून काढून टाकलं पोरीने.
मी चहा पीत होतो. पीत राहिलो.

शुक्र. ७
रेवा शाळेत असताना घर पुन्हा बांधायला बसलो. तेवढंच उभं राहिलं तर… कुऱ्हाड नको, हाताने. दारं आठवतात. खिडक्या दोन की तीन? माडीवर काय होतं? साठ वर्षांपूर्वीच्या वर्गातला प्रत्येक बाक सांगू शकतो, आणि नातीने गेल्या रविवारी दाखवलेलं घर सांगता येत नाही. तिच्याकडे बघत होतो, पण मन को.नगरला होतं.
पाटीपाशी अडलो. मला परवानगी, हे मीच कसं लिहू?
मोडून टाकलं.

रवि. ९
रेवा खाटेवर पाय हलवत बसलेली. लॅपटॉप मिटलेला.
"आज खेळायचं नाही?"
"कुणाबर?"
सांगणारच होतो. "रेवा, ते घर" एवढं बोललो, तोच सूनबाईने दळणाला हाक मारली. बरं वाटलं.
बरं वाटलं, हे रात्रीपर्यंत खुपतंय.

बुध. १२
सनाचा फोन, सू.बाईच्या मोबाइलवर. रेवा बोलेना, आत निघून गेली. फोन माझ्या हातात.
"आजोबा, बरे हाय का?"
"बरा आहे गं."
"मी न्हाई पाडलं आजोबा. खरंच. रेवा ऐकंना."
मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. तिलाच कीव आली असावी.
"तुमी नका टेन्शन घेऊ. मीच पाडलं म्हणून सांगते तिला. सॉरी म्हणते. मग तरी बोलंल न्हवं? रविवारी फोन करते, तिला द्या फक्त."
"अगं, तू कशाला…" तिकडून आईने बोलावलं, फोन बंद.
जेवण गेलं नाही. सू.बाई म्हणाली, "पित्त झालं का मामा?" हो म्हणालो. आणखी एक खोटं.

शनि. १५
उद्या ती पोर माझं पाप आपल्या तोंडाने सांगणार.
पाठांतरात एक कडवं गाळलं की आमचे मास्तर पुढे जाऊ देत नसत. पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा राग यायचा.

रवि. १६
सनाचा फोन यायच्या आत.
लॅपटॉप मांडीवर उघडून बसलोय, खड्ड्याच्या काठावर. पलीकडे माझी शाळा, कौलांसकट, एकही ठोकळा न हललेली. तिच्याकडे बघवत नाही. कुऱ्हाड हातात आहे. आधी तीच पाडावी का? नको. तसं केलं तर रेवा माझीच समजूत काढत बसेल.
जिन्यावर रेवा. "आजोबा, माझा लॅपटॉप घेतला व्हय?"
पहिल्यापासून. सगळं सांगायचं, म्हणजे मंगळवारची दुपार, ओढ्यापाशी पहिला खुंट, आणि मग