घरच्या माणसाला पत्र कशाला

२४ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आले एकदाचे! इतकी वर्षं नुसते ‘येणार, येणार’ म्हणून ऐकत होतो ते नवे कामगार कायदे शुक्रवारपासून लागू झाले. सल्लागारांचा फोन सकाळी सकाळी, दूधसुद्धा तापलं नव्हतं. आता प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचंच. मूळ पगार एकूण पगाराच्या निम्म्याहून कमी दाखवायचा नाही. चाळिशी ओलांडलेल्यांची वर्षातून एकदा फुकट तपासणी. कुणी सोडून गेला तर दोन दिवसांत हिशेब मोकळा. एवढं सगळं करायचं कुणी? मीच!

बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, सांगितलं. बशीतला चहा तसाच राहिला. “गोरव्याला कारखान्याची शेड टाकली तेव्हापासून तोंडी चाललंय. पहिल्या दिवसापासूनच्या नटुभाईला मी पत्र देऊ? हसेल तो मला.”

म्हटलं, हसू दे. तुम्ही सही करा.

२७ नोव्हेंबर

दिवसभर पत्रं टाइप केली. फिटर, टर्नर, वेल्डर, पॅकिंगच्या बायका. खरं सांगायचं तर मजा आली. इतकी वर्षं ‘अरे’ आणि ‘तू’ असलेल्या माणसांना श्री. आणि श्रीमती लावताना बरं वाटत होतं.

बाबा डोकावले. “झाली सगळी?”

“एक राहिलंय. माझं.”

हसले की! “तू घरचीच. घरच्या माणसाला पत्र कशाला?”

माझा सोहम बालवाडीत होता तेव्हापासून त्या टेबलाशी बसतेय. आता तो हॉस्टेलवर राहतो. पगारपत्रकं, पीएफ, ईएसआय — एक महिना चुकलेला नाही. आणि कुठलाही फॉर्म भरताना ‘व्यवसाय’ पुढे लिहिते काय, तर गृहिणी! नवऱ्याला, उन्मेषला, बँकेतून आल्यावर सांगितलं. म्हणे, “अगं, सगळं तुझंच तर आहे.” असा राग आला! माझंच आहे तर माझं नाव का नाही कुठे?

१ डिसेंबर

बाबांशी कामापुरतंच बोलले. आज आमटी खारट होती, तेही सांगितलं नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

पत्रं वाटली. बाबांनी पेढे आणले होते. नटुभाई हसले-बिसले नाहीत. लेथ बंद केलं, हात पुसले, पत्र आधी अंबामातेच्या फोटोपुढे ठेवलं आणि मग खिशात. डोळे भरले होते त्यांचे. पॅकिंगची रेखाबेन तर नाव आपलंच ना म्हणून मला पुन्हा पुन्हा विचारत होती, “आ मारूं ज नाम छे ने?”

मग नटुभाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, “भाभी, तमारो लेटर क्यां?”

सगळे माझ्याकडे बघताहेत. बाबा चष्मा पुसताहेत. मी म्हटलं, “मारो बाकी छे,” आणि ऑफिसात जाऊन दार लावून घेतलं. रडले. चांगली हुंदके देऊन रडले. पन्नाशीला आलेल्या बाईनं एका कागदासाठी रडायचं म्हणजे काय! पण रडले.

६ डिसेंबर

बाबांनी स्वतः टाइप केलं! दोन बोटांनी. मध्येच बाहेर येऊन विचारून गेले, छापायचं बटण कुठलं म्हणून. पद — कार्यालय व्यवस्थापक. रुजू झाल्याचं वर्ष अगदी बरोबर घातलं होतं. त्यांच्या लक्षात होतं तर!

“चुकलं माझं, कौमुदी.” दत्ताजीराव शिर्के हे असं बोलले! मी वाकले तर म्हणतात, “ऑफिसात नमस्कार नको. सही कर.”

उड्याच मारायच्या बाकी ठेवल्या. घरी आल्या आल्या आईंना पत्र दाखवलं. सासूबाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं, अगदी शेवटच्या अटीपर्यंत. तिथं लिहिलंय, ‘दुपारची आमटी कंपनीतर्फे.’ सगळ्यांच्याच पत्रात आहे ते. डबे ज्याचे त्याचे, पण आमटी आमच्या घरचीच हवी, ही पहिल्यापासूनची रीत. नटुभाईंनीच हट्टानं लिहायला लावलं होतं, “मराठी दाळ लखजो ज.”

आईंनी विचारलं, “कंपनी म्हणजे कोण गं?”

मी हसले. आई हसल्या नाहीत.

७ डिसेंबर, रविवार

ते वाक्य काही डोक्यातून जाईना. मी माझ्या पत्रासाठी एवढा थयथयाट केला. आणि रोज सकाळी आमटीची मोठी बरणी भरून तयार असते, मी ती गाडीत ठेवते, मोकळी होते. कोण करतं, किती वाजता उठून करतं — मला कधी विचारावंसंसुद्धा वाटलं नाही. मेलं लाजच वाटली.

बाबांना सांगितलं. मग म्हणाले, “तुझ्या सासूची आई गेली ना, तेव्हा कळल्यावरही अहल्या आमटीला फोडणी देऊनच निघाली. मी राहू दे म्हटलं नाही.” मी उगाच झोपाळ्याच्या कड्या बघत बसले.

दोघांनी मिळून ठरवलं. आईंचं पत्र करायचं. पद, पगार, बँकेत खातं, सगळं रीतसर. टाइप करून ठेवलंय. बाबांनी सही तीनदा करून बघितली. उद्या देणार. आईंचा चेहरा बघायचाय मला!

८ डिसेंबर

दिलं. आईंनी सगळं वाचलं, नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत ठेवलं.

“नेमणूक नको गं, कौमुदी. रजा लिहून दे. जायचं कुठं नाहीये मला. नुसतं एक दिवस उशिरा उठायचंय.”