तेलातलं कुंकू

प्रिय कुंदन,

तुझा फोन बंद, म्हणून ही चिठ्ठी देवरामकाकांच्या जीपने हरसूलला पाठवतेय. यादवकडे आहेस हे कळलंय मला. त्याच्यावर चिडू नकोस, त्याची आई बोलता बोलता बोलून गेली. आपली आई रोज मलाच विचारते, "तू लय बोललीस का गं त्याला?" काय सांगू तिला? दिवाळीचा झेंडू तोडणीला आलाय. आप्पा एकटेच क्रेट भरतात आणि सारखे रस्त्याकडे बघतात.

कंपनीत तुझ्या मशीनवर आता राज बसतो. तू असायचास तेव्हा मशीन कार्बनच्या पट्ट्या एकीवर एक अंथरायचं, तापवून रोलरने दाबायचं, आणि मी कडेचे तुकडे कापून थर ओढून बघायचे. चांगले थर सुटतच नाहीत, ओढले तर धागे तुटतात. दसऱ्यानंतरच्या मालातला एक तुकडा मात्र केळीचं सोपट निघावं तसा सुटला. आतून गुळगुळीत. साहेब म्हणाले, "हर्षाली, कापताना बिघडला असेल, दुसरा घे." दुसरा चांगला निघाला, तिसराही. "झालं तर मग, तो पहिला सोडून दे," म्हणाले. अरे, विमानाच्या शेपटीचे भाग आहेत ते! सोमवारी जोडणीला जाणार. माणसं बसणार आहेत त्या विमानात.

मी भिंगातून बघितलं. गुळगुळीत जागेवर लालसर कण होते. खंडेनवमीला सगळे मशीनच्या बाहेरच्या पत्र्यालाच कुंकू लावतात. आप्पा मात्र ट्रॅक्टरला लावताना ते तेलात कालवतात, गळून पडू नये म्हणून. थेट रोलरला तेलातलं कुंकू लावणारा आप्पांचाच मुलगा असणार ना? नंतर पुसलंही असशील, पण तेल कुठे जातं? रोलर फिरेल तसं ते ठिकठिकाणी उमटत गेलं, तिथे थर चिकटलेच नाहीत, म्हणून एक तुकडा वाईट आणि दोन चांगले. तुकडा सुटल्याचं ऐकलंस आणि त्याच दिवशी निघून गेलास. तेव्हाच मला कळायला हवं होतं. वेड्या, तू जीव लावून पूजा केलीस, आणि मला मेलीला रडू आवरत नाहीये.

कुंकवाचं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तो तुकडा माझ्या डब्याच्या पिशवीत आहे. पिशवी उघडायचीसुद्धा भीती वाटते. गप्प बसले तर उद्या कुणाच्या तरी घरी रडारड होईल, ते माझ्याने नाही सोसवणार. सोमवारी मी तो साहेबांच्या टेबलावर ठेवणार, कुंदन. पण मी सांगितलं तर तू पळून गेलेला ठरशील. तू सांगितलंस तर पोरगा चुकला, एवढंच म्हणतील. माझ्या तोंडून तुझं नाव काढायला लावू नकोस रे, पाया पडते तुझ्या. गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर थांबते. आलास तर दोघं आत जाऊ. नाही आलास तर मी एकटी जाईन.

वाट बघणारी, तुझीच,
ताई