सफरचंदाच्या झाडाखालची माती

व्हिटबी, कॅनडा, शनिवार १० मे, संध्याकाळ

झाड मेलं. ऑक्टोबरात ह्यांची राख खड्ड्यात घालून त्यावर सफरचंदाचं रोप लावलं होतं. आज मी आणि मिनलने ते उपटलं. मुळं काळी, कुजलेली. खड्ड्यात पाणी, सडक्या अंड्यांचा वास. आठवडाभर पाऊस नाही तरी पाणी जागचं हलत नाही.

तेव्हा ही पोरगी म्हणाली होती, "आई, आधी माती कुणाला तरी दाखवू." मी खेकसले, "कॉन्डोच्या फ्लॅटात वाढलेली तू, मला माती शिकवतेस?" वर काळी माती दिसली आणि मला आमचं यवतमाळचं शेत आठवलं. पण काळी वीतभरच. खाली राखाडी चिकणमाती, त्यात घट्ट रुतलेले गोटे आणि मधे मधे गंजासारखे तांबडे डाग.

मिनलने फोनवर वाचून सांगितलं. फार पूर्वी, हिमयुगात, बर्फाच्या जाड थराने ही माती चेपून बसवली, पाणी खाली उतरतच नाही. डाग असतील तिथवर दर वर्षी पाणी चढतं. डाग तर वीतभरावरच सुरू होतात.

ह्यांना दमा. ओल सोसायची नाही. आणि मी त्यांना सगळा हिवाळा पाण्यात ठेवलं. आता राख वेगळी कशी काढू? सगळा चिखलच.

मिनल म्हणाली, "इट्स ओके आई, तुला कसं कळणार? खणताना हे डाग दिसले नव्हते ना?"

"नाही," म्हणाले.

दिसले होते. जुना खिळा गंजला असेल म्हटलं आणि वर माती ओढली. थंडी वाजत होती, मला लवकर उरकायचं होतं.